घराच्या किल्लीसारखं सांभाळा

आमच्या सोसायटीने गणपतीत भित्र्या माणसांची स्पर्धा ठेवली असती, तर ढाल दरवर्षी माझ्याच घरी आली असती. पाल, कुकरची तिसरी शिट्टी, अनोळखी नंबरचा फोन, बँकेचं पाकीट, मी सगळ्यांना सारखाच मान देते. नवरा म्हणतो, "तुला घाबरायला कारण लागत नाही, रिकामा वेळ लागतो." खरं आहे ते. पण आयुष्यात एकदा मी कारण असताना घाबरले. ती भीती आली ती दोन आठवडे हलली नाही. आणली होती प्लॅस्टिकच्या एका तुकड्याने, काडेपेटीच्या निम्म्या आकाराच्या.

दोन हजारचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये चौथ्या मजल्यावर राहत होतो. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात डिस्पॅचला होता, लेक पुण्याला शिकत होती. मी अंधेरीच्या एका कंपनीत मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करायचे. म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पेशंट तपासून झाल्यावर मशिनात जे बोलून ठेवलेलं असतं, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. पायाखाली शिलाई मशिनसारखं पेडल. दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प. एवढी सत्ता मला आयुष्यात दुसऱ्या कुणावर मिळाली नाही. नातेवाइकांना मात्र वाटायचं की मी डॉक्टर व्हायच्या बेतात आहे. कुठल्याही लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणीतरी हटकून गुडघा पुढे करायचं.

त्या वर्षी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. घोट्याच्या वर हाड मोडलं, प्लॅस्टर चढलं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, पुढे वॉकर. घरात दिवसभर कुणी नाही. थोरले दीर रत्नागिरीकडे गावी असतात, पण तिथेही सगळे कामावर जाणारे आणि संडास अंगणाच्या पलीकडे. "काही दिवस आईला दादाकडे ठेवू या का?" असं नवऱ्याने एकदा अगदी हळू विचारलं. सासूबाईंचे कान तिखट. त्या दिवसापासून त्या जेवण अर्धं टाकायला लागल्या. मी समजले. आपल्याला पाठवणार, ही भीती त्यांनी गिळली होती आणि म्हणून भात उतरत नव्हता.

कंपनीत तेव्हा घरून काम करायची नवीनच टूम निघाली होती. आधी फक्त दोन बायकांना परवानगी देऊन बघणार होते. मी मॅनेजर मॅडमपुढे जाऊन उभी राहिले आणि जे काय बोलले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की शेवटी त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि परवानगीही दिली.

कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणारे सिस्टिमचे सर घर बघायला आले. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, पण सर. दारात बूट काढले आणि आधी इंटरनेटच्या वायरीकडे बघितलं. ती खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून आत यायची. भोकाच्या उरलेल्या जागेत मी वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता.

"ही वायर येते कुठून?"

"गच्चीवरून."

"गच्चीवर कुठून?"

"बाजूच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून."

"आणि तिथे?"

"ते केबलवाल्याला माहीत."

त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं आणि पडद्यावर एक यादी आली. चौदा कॉम्प्युटर. आमच्या विंगेतले, बाजूच्या विंगेतले, सगळे केबलवाल्याच्या त्याच एका जाळ्यात. एकात 'शादी फोटो' नावाचा फोल्डर होता. सरांनी तो उघडला. फोटो भराभर उघडत गेले, हळदीसकट.

"कुणाचं लग्न हे?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंच्या दिराचं," मी म्हटलं. "मीसुद्धा आहे बघा त्यात, जेवताना."

"तुम्हाला हे दिसतं मॅडम, म्हणजे त्यांना तुम्ही दिसता."

मी नकळत ओढणी सारखी केली.

मग त्यांनी समजावलं. याच वायरीच्या आतून माझ्या कॉम्प्युटरपासून ऑफिसपर्यंत एक बंद बोगदा काढायचा. त्यातून काय चाललंय ते शेजाऱ्यांना कळणार नाही, खुद्द केबलवाल्यालाही नाही. बोगदा जिथे संपतो तिथे गेटवे. गेटवे म्हणजे ऑफिस नव्हे, ऑफिसचं फाटक. तिथे मी कोण ते विचारणार, पटलं तर आत सोडणार, आणि आतही फक्त माझ्या कामाच्या खोलीत. बोगदा चालू असताना बाकीचं इंटरनेट बंद. दहा मिनिटं हात हलला नाही, तर बोगदा आपोआप मिटणार.

बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "आमच्या कोकणच्या गाडीला आहेत तसले बोगदे काय हो?"

"तसेच आजी."

"मग आत दिवे लावा. पोरं घाबरतात."

शेवटी सरांनी तो प्लॅस्टिकचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. टोकन. त्याच्या इवल्याशा काचेत सहा आकडे, दर मिनिटाला बदलणारे. आत जाताना आधी माझा चार आकडी पिन टाकायचा, त्याला जोडून हे सहा. "पिन डोक्यात, टोकन हातात," सर म्हणाले. "दोन्ही कधीच एका जागी ठेवायचं नाही. हरवलं, तर कळल्यापासून एका तासात मला फोन. पेशंटची माहिती आहे मॅडम, बाहेर गेली तर कंपनीचं काम जाईल आणि घरून काम करणं तर सगळ्यांचंच बंद होईल. तेव्हा हे अगदी घराच्या किल्लीसारखं सांभाळा."

आता यात चूक माझी की सरांची, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी ते सांगितल्याप्रमाणे घराच्या किल्लीच्या जुडग्यातच अडकवलं. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये घराची किल्ली घरच्यांकडे नसते.

मीरा-भाईंदरमध्ये तेव्हा राहिलेल्यांना हे सांगायला नको. सोसायटी दिवसातून एकदा पाऊण तास पाणी सोडायची. कधी अकराला, कधी साडेबाराला, कधी दुपारी दोननंतर. त्या वेळी घरात कुणी नसेल, तर पिंप कोरडं. म्हणून बाहेर पडताना किल्ली समोरच्या गुजराती बेनकडे द्यायची. त्यांच्या दाराआड एक खिळा होता आणि त्यावर मजल्यावरच्या तिन्ही घरांच्या किल्ल्या लटकत. पाणी आलं की बेन तिन्ही घरं उघडून नळ सोडत. बेनना बाहेर जायचं असलं, तर जुडगे तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंकडे. ताई नसल्या तर आणखी कुणाकडे. सात वर्षांत कुणाची एक वाटी हरवली नव्हती. घराची किल्ली सांभाळणं म्हणजे ती चार भरवशाच्या हातांत असणं, हेच मला ठाऊक होतं.

राहिला पिन. तो मला पाठ होता. पण भित्र्या माणसाला पाठ असलेलंही विसरायची भीती असते. म्हणून तो मी कॉम्प्युटरशेजारच्या कालनिर्णयासारख्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवला, चतुर्थीच्या चौकटीत. बघणाऱ्याला वाटेल, चंद्रोदयाची वेळ असेल.

पहिला महिना बरा गेला. दुपारी दोनला शिफ्ट सुरू. मी आतल्या खोलीत बोगद्यात, सासूबाई बाहेर खाटेवर. त्यांनी हाक मारली की पेडल सोडायचं, भांडं द्यायचं, उठवून बसवायचं, परत यायचं. त्या पुन्हा पोटभर जेवायला लागल्या. आपण इथेच राहणार, असं त्यांच्या जिवाला पटलं होतं.

आणि मग तो प्लॅस्टर काढायचा दिवस आला.

सकाळी साडेदहाला रिक्षा बोलावली, त्यांना दोघींच्या आधाराने खाली उतरवलं. एक मी, दुसऱ्या बेन. जुडगं बेनच्या हातात देऊन मी निघाले. इस्पितळात रांग होती. प्लॅस्टर कापायचं करवतीसारखं यंत्र बघून मी डोळे मिटले, सासूबाई मात्र बघत राहिल्या. "माझा पाय हाय, तुझा कशाला जीव जातोय?" म्हणाल्या. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि महिनाभर एकट्याने चालायचं नाही म्हणून बजावलं.

परत आलो तेव्हा पाऊण वाजला होता. बेनच्या दाराला कुलूप. सासूबाईंना कसंबसं तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं होतं, तिथेच ताईंच्या घरात खुर्चीवर बसवलं. ताई रायगडकडच्या, मनाने मोकळ्या. त्या हसत म्हणाल्या, "बेन नया नगरला गेल्यात बहिणीकडे. जाताना किल्ल्या माझ्याकडे दिल्या. पाणी भरलंय तुमचं वहिनी, काळजी नको."

"देवासारख्या आहात. किल्ली द्या."

"किल्ली ना... ती केबलवाल्याकडे हाय."

मला आधी कळलंच नाही.

"अहो, तुम्ही काल तक्रार केली होती ना, नेट हळू चालतंय म्हणून? तो आला होता. म्हटलं, नळ सोडायला घर उघडलंच आहे, तर करून घे. माझा भात गॅसवर होता, मी खाली आले. त्याला सांगितलं, झालं की कुलूप लावून किल्ली दे. त्याने कुलूप लावलं बघा नीट. किल्ली खिशात घालून गेला असेल. येईल आता."

मी तिथेच पायरीवर बसले. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर पडत गेली, आणि प्रत्येक पडताना आवाज होत होता. ज्या माणसाच्या वायरीपासून लपवायला बोगदा काढला, तो माझ्या घरात एकटा होता. घराची किल्ली त्याच्या हातात. टोकन त्याच किल्लीला. पिन त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवर.

"काय झालं गो?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. किल्ली आणते," म्हटलं आणि खाली धावले.

त्याचा मोबाइल बंद होता. वॉचमन म्हणाला, मॅडम, तो मागच्या फेजला गेला. मागच्या फेजमध्ये सांगितलं, शेवटच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बघा. पुढची चाळीस मिनिटं मी इंद्रलोकच्या गल्ल्यांमधून मान वर करून फिरत होते. प्रत्येक गच्चीच्या कठड्यावर मला तो दिसायचा, आणि जवळ गेलं की ती पाण्याची टाकी निघायची. एका आजोबांनी विचारलं, "पतंग गेला का?" मी हो म्हटलं. खरं सांगायला सुरुवात केली असती तर तिथेच रडले असते.

दीड वाजून गेला. तासातली वीस मिनिटं उरली. फोन करावा तर परवानगी गेली, परवानगी गेली तर सासूबाई गावाला. न करावा, आणि तो दोन मिनिटांत शीळ घालत आला तर? कुणाला कळणार होतं? मी एका बंद दुकानाच्या शटरला टेकून मोबाइल हातात धरला होता. मनात म्हटलं, पाचपर्यंत मोजू, तोपर्यंत आला तर बरं. पाच झाले. म्हटलं, पन्नासपर्यंत मोजू. पन्नासही झाले. शेवटी ज्या बोटाने नंबर दाबला ते माझं नव्हतंच, असं आजही वाटतं.

"सर, टोकन माझ्याकडे नाहीये."

पलीकडे खडखड टाइप केल्याचा आवाज. "बंद केलं. आता त्याचे आकडे चालणार नाहीत. कधीपासून नाहीये?"

"सकाळी साडेदहा."

"एक मिनिट." पुन्हा खडखड. "मॅडम, अकरा बावन्नला तुमच्या नावाने गेटवेवर एक प्रयत्न झालाय. आत नाही गेला. पासवर्ड चुकला." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "तुम्हीच असाल ना? निघायच्या आधी बघितलं असेल. तसं असेल तर मी लिहितो, युजरने स्वतः केलं. विषय संपला."

त्यांनी मला सुटायला दार उघडून धरलं होतं. माणूस भला होता, त्यालाही ते प्रकरण वर न्यायचं नव्हतं. मला एक 'हो' म्हणायचं होतं. अकरा बावन्नला मी इस्पितळात करवतीच्या आवाजाने डोळे मिटून उभी होते, हे कुणी विचारणार नव्हतं. सासूबाई खाटेवर, मी बोगद्यात, सगळं पहिल्यासारखं.

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलंही. पण खोटं बोलायलाही धीर लागतो. आज हो म्हटलं, तर उद्यापासून प्रत्येक फोनला, प्रत्येक अकरा बावन्नला मी मरणार, हे मला स्पष्ट दिसलं. छोट्या भीतीतून सुटायला मोठी भीती जन्मभर पोसायची, एवढी माझी ताकद नव्हती.

"मी नव्हते सर," म्हटलं. "टोकन किल्लीला होतं. किल्ली केबलवाल्याकडे आहे. तो घरात एकटा होता. आणि पिन... पिन कॅलेंडरवर लिहिलाय."

पलीकडची खडखड थांबली. मला वाटलं फोन कट झाला.

"कॅलेंडरवर," ते शेवटी म्हणाले.

"पेन्सिलीने," मी म्हटलं. तेवढीच बाजू होती माझी.

मी परत फिरले तर आमच्या गेटपाशी केबलवाला स्कूटरवर बसलेला. वाटी परत करावी तसं त्याने जुडगं पुढे केलं. "सॉरी भाभी, जेब में रह गया. आपका नेट एकदम फास्ट कर दिया."

"कॉम्प्युटरला हात लावला होतास का?"

"चेक तो करना पडता है ना. वो ताले का फोटो है ना, उसको क्लिक किया. पासवर्ड मांगा. कॅलेंडर पे चार नंबर था, वही डाला. नहीं चला." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तो घाबरला. "क्यों, कुछ खराब हो गया क्या?"

त्याने चारच आकडे टाकले होते. उरलेले सहा त्याच वेळी त्याच्या पँटच्या खिशात मिनिटा-मिनिटाला बदलत होते. त्याला ते माहीत नव्हतं, एवढ्यावरच वाचलं सगळं. ही गोष्ट सांगायला मला सरांना दुसऱ्यांदा फोन करावा लागला. ऐकून ते म्हणाले, "मॅडम, हे मी रिपोर्टमध्ये कसं लिहू?"

घरून काम त्याच क्षणी थांबलं. चौकशी होईपर्यंत बिनपगारी घरीच राहायचं. त्या दोन आठवड्यांत फोन वाजला की मी आधी देवाकडे बघायचे आणि मग फोनकडे. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एरवी चिडवायची संधी सोडत नाही, पण या वेळी नुसता म्हणाला, "दादाला फोन करून ठेवू का?" आणि उत्तराची वाट न बघता आंघोळीला गेला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून बाहेर आले, तर सासूबाईंनी खाटेवर आपली दोन लुगडी, जपाची माळ आणि औषधांची पिशवी एका जागी मांडून ठेवली होती.

"हे काय, आई?"

"काय नाही. कधी निघायचं ते सांगितलंत, म्हणजे धावपळ नको." मग माझ्याकडे न बघता, "तुझं काम माझ्यापायी गेलं ना गो?"

"तुमच्यापायी नाही. माझ्या वेंधळेपणापायी."

"ते होयच," त्या म्हणाल्या. "पण मी पडले नसते तर तुझा वेंधळेपणा अंधेरीतच राहिला असता."

हसावं की रडावं कळेना. मी लुगडी उचलून कपाटात ठेवली. सकाळी ती परत खाटेवर होती. मग मी ठेवायचे आणि त्या काढायच्या, असं रोजच चालू झालं.

चौकशीला अंधेरीला बोलावलं तेव्हा नवरा रजा टाकून घरी थांबला. टेबलापलीकडे मॅनेजर मॅडम आणि सर. मध्ये सरांचा रिपोर्ट, टाचणी लावलेला.

"तुमच्या घराची किल्ली किती जणांकडे असते?" मॅडमनी विचारलं.

मी बोटांवर मोजायला लागले. दुसऱ्या हातावर गेले तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"एवढी सगळी घरची माणसं?"

"नाही, बिल्डिंगमधली."

"मग त्यांच्याकडे तुमची किल्ली कशाला?"

"पाणी येतं ना."

"पाणी येतं म्हणजे?"

त्या कुठे राहत होत्या मला माहीत नाही, पण तिथे पाणी येत नसावं, असतंच असावं. मी पाऊण तासाचं, पिंपाचं, बेनच्या खिळ्याचं सगळं सांगितलं. सर खाली मान घालून बसले होते. बहुतेक हसू दाबत होते.

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. सोमवारपासून ऑफिसला यायचं. नाहीतर लिहून द्यायचं की कामाच्या खोलीला आतून कडी असेल, शिफ्टमध्ये खोलीत कुणी येणार नाही, आणि घराची किल्ली आम्हा नवरा-बायकोंखेरीज कुणाकडेही, कुणाकडेही नसेल. "तुम्ही तासाच्या आत फोन केलात, म्हणून ही दुसरी वाट आहे," त्या म्हणाल्या. "पुन्हा झालं तर तीही नाही."

मी सही केली. नवऱ्याने नंतर विचारलं, "नीट वाचलंस ना?" वाचलं होतं. पण एक गोष्ट त्यात लिहिलेली नव्हती. ती म्हणजे बेनच्या दारात जाऊन उभं राहणं.

"बेन, आमची किल्ली..."

"हां, लो ना. बाहर जा रही हो?"

"नाही. म्हणजे, आता ती आमच्याकडेच ठेवणार. कंपनीचा नियम आलाय."

त्यांनी किल्ली काढली, पण हातातच धरली. "कुछ चोरी हुआ?"

"नाही हो."

"सात साल में तुम्हारे घर से एक चम्मच इधर का उधर हुआ?"

"नाही."

"तो?"

बोगदा, गेटवे, अमेरिकेतला पेशंट, सगळं त्यांच्या उंबऱ्यावर खोटं वाटायला लागलं. त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, "ठीक छे," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. पुढे कितीतरी महिने त्या जिन्यात भेटल्या की आईंच्या पायाची चौकशी करायच्या, माझी नाही.

सोमवारी नवीन टोकन दोरीत ओवून गळ्यात घातलं, कुडत्याच्या आत. नवा पिन खरंच डोक्यात. दोनला आतून कडी लावली, आकडे टाकले, बोगदा उघडला. पहिलीच फाइल लांबलचक, पित्ताशयाची. डॉक्टर तोंडात काहीतरी घोळवत बोलत होता. पहिला महिना माझ्या प्रत्येक चुकीची नोंद होणार होती, म्हणून मी एकेक शब्द तीनदा ऐकत होते.

वीस मिनिटं झाली असतील. जिन्यातून तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंची आरोळी आली, "पाणी आलं हो!" समोर बेनचं दार उघडलं. शेजारच्या घराचं कुलूप निघाल्याचा आवाज आला. आमच्याकडे कुणी आलं नाही. येणार कसं? मीच लिहून दिलं होतं. कालचं पाणी सकाळीच संपून पिंप रिकामं झालं होतं. पाऊण तास आणि मग उद्यापर्यंत थेंब नाही.

उठू या, असं ठरवत होते तोच बाहेर ठक्‌ असा आवाज झाला.

वॉकर.

मी एका कानावरून हेडफोन सरकवला. ठक्‌. मग थांबणं. मग पाय ओढल्याची सर्र. डॉक्टरांनी एकट्याने चालू नका म्हटलं होतं, आणि त्या बाथरूमकडे निघाल्या होत्या, जिथे पडल्या होत्या तिथेच. माझं सगळं अंग कानात आलं. खुर्ची मागे ढकलून मी कडीपर्यंत गेले.

"उठू नको गो," बाहेरून आवाज आला. खुर्चीची करकर त्यांनी ऐकली होती. "बस तिथेच. मला गावाला धाडतील ते पडले म्हणून नाही, तुझं काम गेलं म्हणून."

माझा हात कडीवर होता. उघडली नाही. उघडली असती तर काय झालं असतं, काहीच नाही, दहा मिनिटांत परत आले असते. पण आपणही या घराच्या कामी येतोय, हा आधार त्यांच्या आवाजात होता, आणि तो काढून घेणं मला जमलं नाही. फरशी ओली तर नसेल? सकाळी मी पुसली होती का? ठक्‌. सर्र. मग बराच वेळ काहीच नाही. मग नळाची चावी फिरल्याची कुरकुर, आणि पिंपाच्या तळावर पाणी पडल्याचा आवाज.

मी खुर्चीवर येऊन बसले. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. पेडलवरचा पाय मी उचलूनच धरला होता. परतीच्या अकरा ठकठकी मोजल्या, खाट करकरली, सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं, तेव्हा कुठे अमेरिकेतल्या डॉक्टरला मी पुढे बोलू दिलं.